शपथ खालच्यांना, सवलत वरच्यांना!

ऑक्टोबर सरत आला की सरकारी कचेऱ्यांतले उजवे हात एकदम वर जातात. सरदार पटेलांचा जन्मदिवस, ३१ ऑक्टोबर, ज्या आठवड्यात येतो तो दक्षता जनजागृती सप्ताह म्हणून पाळायची पद्धत आहे. फलक लागतो, साहेब शपथेचा कागद वाचतात, कर्मचारी त्यांच्यामागून एका सुरात म्हणतात, मोबाइलवर फोटो निघतो, तो वरच्या कार्यालयाच्या ग्रुपवर जातो आणि सचोटीचे त्या वर्षापुरते काम संपते. नेमक्या याच दिवसांत गोंदिया जिल्ह्यातल्या बांध्यांतून हलका धान निघालेला असतो, भारी धान पिवळा पडू लागलेला असतो आणि आधारभूत खरेदी केंद्र कधी उघडते याकडे शेतकरी डोळे लावून बसलेला असतो. शपथेची शाई वाळते न वाळते तोच तिची परीक्षा वजनकाट्यावर सुरू होते. शपथेचे फोटो सगळ्यांना दिसतात. काट्यावरच्या परीक्षेचा निकाल फक्त शेतकऱ्याला कळतो, आणि तो घेऊन त्याने कोणाच्या दारात उभे राहावे हे त्याला कोणीच सांगितलेले नसते.

आमचा सवाल सरळ आहे. राज्यात कर्मचाऱ्यांच्या वागणुकीचे नियम नाहीत म्हणून हे चालते काय? नियमांचा तर महापूर आहे! महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ सालचे. ते मोडणाऱ्याला शिक्षा करणारे शिस्त व अपील नियमही त्याच सालचे. लाचखोराला तुरुंगात धाडणारा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८चा आणि २०१८ साली त्याची पुन्हा डागडुजी झालेली. एका टेबलावर फाइल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त अडवू नका असे बजावणारा आणि बदल्यांना लगाम घालणारा राज्याचा कायदा २००५चा. माहितीचा अधिकारही २००५चाच. लोकांना ठरल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड ठोठावणारा लोकसेवा हक्क कायदा २०१५चा. एवढी शस्त्रे भिंतीवर टांगलेली असताना फेरफारासाठी, घरकुलाच्या हप्त्यासाठी, सिंचन विहिरीच्या बिलासाठी ‘फाइलीवर काहीतरी वजन ठेवा’ असे म्हणण्याची छाती होतेच कशी?

होते, कारण कर्मचारी नियमांचे पुस्तक वाचत नाही, तो आपला साहेब वाचतो. साहेब कोणाच्या गाडीतून उतरतात, कोणत्या कंत्राटदाराला बाहेरच्या बाकावर बसावे लागत नाही, कोणाचा फोन आला की त्यांचा आवाज खाली येतो, दिवाळीला बंगल्यावर कोणाकडून काय पोचते, दौऱ्यातल्या जेवणाचे बिल कोणाच्या खिशातून जाते, हे सारे शिपायापासून अव्वल कारकुनापर्यंत सर्वांना तोंडपाठ असते. हीच त्या कचेरीची खरी आचारसंहिता. ती छापलेली नसते, तिची शपथ नसते, तरी तिचे पालन शंभर टक्के होते. जिचे पालन होते ती संहिता वरून खाली आलेली असते. जी भिंतीवर टांगली जाते ती फक्त खालच्यांसाठी असते. आडातच नाही तर पोहऱ्यात येणार कुठून?

१९७९च्या वर्तणूक नियमांतला तिसरा नियम काढून वाचा. प्रत्येक शासकीय कर्मचाऱ्याने सदैव निरपवाद सचोटी राखावी, कर्तव्याशी निष्ठावान असावे, पदाला न शोभणारे काही करू नये, हा त्याचा पहिला भाग. हा भाग प्रशिक्षणात येतो, भाषणात येतो आणि निलंबनाच्या आदेशात तर येतोच येतो. पण तोच नियम पुढे सांगतो की पर्यवेक्षकाच्या पदावर असलेल्याने आपल्या हाताखालच्या सर्वांची सचोटी आणि कर्तव्यनिष्ठा टिकावी म्हणून शक्य ते सर्व उपाय करावेत. आणखी पुढे असेही सांगतो की वरिष्ठाच्या हुकमावरून काही करायचे असेल तर तो हुकूम लेखी घ्यावा, आणि त्या वेळी ते शक्य नसेल तर लवकरात लवकर लेखी कायम करून घ्यावा. म्हणजे नियम करणाऱ्याला माणसाचा स्वभाव ठाऊक होता. पाप तोंडी होते आणि बळी लेखी जातो, हे त्याने ओळखले होते, आणि दोन्ही दारांना कडी घातली होती.

त्या कड्या आजवर कोणी लावल्या? एखादा लिपिक हजार-दोन हजार रुपयांच्या लाचेसह सापळ्यात सापडतो. पंचांसमोर त्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले जातात, पाणी गुलाबी होते, दुसऱ्या दिवशी आमच्यासारख्या वृत्तपत्रांत चौकटीतली बातमी येते. पण ज्या साहेबाच्या दालनापासून वीस पावलांवर हा लिपिक वर्षानुवर्षे दुकान मांडून बसला होता, त्या साहेबाला ‘तिसऱ्या नियमाप्रमाणे तुम्ही कोणते उपाय केले होते, ते कळवा’ अशी नोटीस निघाल्याची बातमी वाचकांनी कधी वाचली आहे काय? साहेबांना काहीच ठाऊक नव्हते, असे मानले तर ते पर्यवेक्षक म्हणून नालायक ठरतात. ठाऊक होते असे मानले तर ते भागीदार ठरतात. यातून तिसरी वाट नाही. तरीही आमची व्यवस्था दरवेळी तिसरी वाट काढते: लिपिक आत आणि साहेबांची सोयीच्या जिल्ह्यात बदली!

आता या जिल्ह्याच्या पोटापाण्याचे पाहू. गोंदिया म्हणजे धान. इथे राइस मिलची चिमणी हीच गावाची खूण. खरेदी केंद्रे पणन महासंघाच्या आणि आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळाच्या वतीने सहकारी संस्था चालवतात. २०२५-२६च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. धानात ओलावा १७ टक्क्यांच्या वर नसावा. भरडाईनंतर क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ जमा व्हावा. कागदावर सारे चोख. पण काट्याजवळ उभा राहिलेला शेतकरी काय बघतो? कट्टा चाळीस किलोचा म्हणतात आणि काटा चाळीसवर थांबत नाही. का थांबत नाही, विचारले तर सुकल्यावर घट येते, बारदान्याचे वजन धरावे लागते, वरून असेच सांगितले आहे. कट्ट्यामागे एकच किलो जादा गेला तर शंभर कट्ट्यांमागे एक क्विंटल जातो. म्हणजे त्या भावाने ४० क्विंटल धान विकणाऱ्या माणसाचे २,३६९ रुपये डोळ्यांदेखत, पावती न देता, कोणाचाही हात ओला न करता काढून घेतले जातात. त्याच्या घरची दिवाळीची खरेदी तेवढ्यात होते!

ओलाव्याचेही तसेच. यंत्र केंद्राचे, ते वाचणारा डोळा केंद्राचा आणि निर्णयही केंद्राचा. ओळखीच्या माणसाचा धान कोरडा ठरतो, बिनओळखीच्याला ‘अजून दोन दिवस वाळवा’ असे सांगून ट्रॅक्टर परत पाठवला जातो. भाड्याच्या ट्रॅक्टरचे दोन दिवस कोण भरणार? मग तो माणूस दारातल्याच व्यापाऱ्याला पडत्या भावात धान घालतो, आणि तोच धान पुढे कोणाच्या तरी सातबाऱ्यावर चढून हमीभावाने त्याच केंद्रात येतो, अशी कुजबूज दर हंगामात ऐकू येते. या साखळीत ग्रेडर आहे, केंद्रचालक आहे, नोंदणी करणारा ऑपरेटर आहे, ई-पीक पाहणीची नोंद बघणारा महसुली कर्मचारी आहे, गोदामाचा रखवालदार आहे. यांपैकी प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि सारे मिळून वर बोट दाखवतात. वरचे कोण, ते कोणी सांगत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा अक्षरशत्रू कुणब्याला सरकारी खात्यांतला कामगार कसा नागवतो हे खातेवार मांडले होते. कामगार बदलले, राज्य बदलले, कुणब्याची पोरे शिकून स्वतः त्याच खुर्च्यांवर बसली. तरी काट्यासमोर उभा असलेला माणूस तसाच हात जोडून उभा असेल, तर शिकलेल्यांनी आपल्या शिक्षणाचे काय केले, हा प्रश्न त्यांनी आपल्याच बापाच्या तोंडाकडे पाहून स्वतःला विचारावा.

कोणी म्हणेल, नियम अधिक कडक करा, पुस्तक जाड करा. त्यांना आम्ही एन्रॉनची आठवण करून देतो. गुहागरच्या किनाऱ्यावरल्या दाभोळ वीज प्रकल्पामुळे ही अमेरिकी कंपनी महाराष्ट्राला नको तितकी ओळखीची आहे. तिने जुलै २०००मध्ये कर्मचाऱ्यांसाठी ६४ पानांची नीतिसंहिता काढली होती. दीड वर्षाच्या आत, २ डिसेंबर २००१ रोजी, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. हजारो कर्मचारी रस्त्यावर आले, त्यांची निवृत्तीची पुंजी बुडाली. संहितेत उणीव कोणती होती? कोणतीही नव्हती! उणीव होती ती संचालकांच्या दालनात. कंपनीचा वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो याला कंपनीशीच व्यवहार करणाऱ्या भागीदाऱ्या चालवायच्या होत्या. हितसंबंधांचा असा संघर्ष कंपनीच्या आधीच्या संहितेलाही मंजूर नव्हता. मग १९९९ साली संचालक मंडळाने बैठक घेऊन त्याच्यापुरता संहितेला अपवाद केला. ठराव करून, रीतसर, सह्यांनिशी! कर्मचाऱ्यांच्या हातात नीतीचे हे ६४ पानी पुस्तक पडण्याच्या आधीच वरच्या माणसाच्या हातात सवलतीचा ठराव पडला होता. ह्यूस्टनच्या काचेच्या इमारतीत जे झाले तेच आमच्या कौलारू कचेऱ्यांत होते. फरक एवढाच की आमच्याकडे ठराव करावा लागत नाही, मान डोलावली की पुरते.

याउलट एक संहिता याच मातीत साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहिली गेली. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला धाडलेले पत्र इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. मिरवणुकीत त्याचे दाखले दिले जातात, पण ते वाचायचे असते नोकरशाहीचा धडा म्हणून. त्या पत्रात आधी सैन्याच्या पैशाची आणि दाणावैरणीची सोय लावली आहे, आणि मगच रयतेच्या काडीलाही हात न लावण्याची ताकीद आहे. लागेल ते बाजारातून विकत घ्या, असे मोकळे सांगितले आहे. पावसाळ्यासाठी ठेवलेली वैरण आताच उधळली तर पुढे घोडे उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, कुणबी परागंदा होतील आणि आपल्यापेक्षा मोगल बरे असे लोक म्हणू लागतील, अशी एकेका पायरीने कारणे दिली आहेत. रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत तपशील आहे. ‘सचोटी राखा’ असा पोकळ उपदेश त्यात नाही. कोणता मोह कोणत्या जागी उभा राहणार आहे हे लिहिणाऱ्याला माहीत होते, आणि ज्यांना लिहिले त्यांनाही ठाऊक होते की लिहिणारा स्वतःच्या नातलगालाही सोडणार नाही. संहिता चालते ती या तीन गोष्टींवर: आधी सोय, मग नेमका नियम, आणि वरच्याला सूट नाही.

आमच्याकडे पहिल्याच पायरीवर ठेच लागते. सोय न करता नियम लादला की काय होते, याचा नमुना म्हणजे मुख्यालयी राहण्याची अट. शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी, आरोग्यसेविका यांनी नेमणुकीच्या गावी राहावे, तरच घरभाडे भत्ता मिळावा, असा नियम. २०१९ साली ग्रामविकास विभागाने त्यासाठी ग्रामसभेच्या ठरावाची अट घातली. हेतू उत्तमच होता. पण सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या आडगावांत राहण्याजोगे घर कुठे आहे? आरोग्य उपकेंद्राच्या निवासाचे छत गळते, संडासाला दार नाही, पोरांच्या शाळेची सोय वीस-तीस किलोमीटरवर. म्हणून गोंदिया, आमगाव, देवरीहून रोज अपडाऊन होते आणि गावात राहतो असे खोटे लिहून दिले जाते. लिहिणाऱ्याला ठाऊक असते की ते खोटे आहे, सही करणाऱ्या सरपंचाला ठाऊक असते, बिल मंजूर करणाऱ्यालाही ठाऊक असते. वर्गात ‘नेहमी खरे बोलावे’ शिकवणाऱ्या गुरुजींना दरवर्षी खोट्या कागदावर सही करायला लावणारी ही व्यवस्था कोणत्या नीतीच्या गोष्टी करते? खोटे लिहायची सवय एकदा हाताला लागली की तो हात पोषण आहाराच्या तांदळाच्या नोंदीतही डगमगत नाही, रोजगार हमीच्या मस्टरवरही डगमगत नाही.

यात कर्मचारी निष्पाप आहेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आदिवासी व नक्षलग्रस्त भागात काम करतात म्हणून त्यांना एकस्तर वाढीव वेतनश्रेणीचा लाभ दिला जातो. तो खुशाल घ्यायचा आणि चार वाजताच्या गाडीकडे डोळा ठेवून शाळा सोडायची, बाळंतीण रात्री कळा देत असताना उपकेंद्राला कुलूप ठेवायचे, हा सरळ सरळ विश्वासघात आहे. पण शासनाने एक करावे. एकतर राहण्याजोगे निवास बांधून मग न राहणाऱ्याचा भत्ता आणि नोकरी दोन्हींवर टाच आणावी, नाहीतर जिथे निवास नाही तिथली अट काढून हजेरी आणि काम तेवढे मोजावे. जो नियम पाळता येत नाही तो मोडला जातो, आणि एक मोडता आला की बाकीचे मोडायला धीर येतो.

आता दुसरी बाजू बघा. प्रामाणिक माणसाचे काय होते? मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मनमाडजवळ इंधन भेसळ करणाऱ्या टोळीने जिवंत जाळले. सुवर्ण चतुष्कोनाच्या रस्त्यातला घोळ पंतप्रधान कार्यालयाला कळवून नाव गुप्त ठेवण्याची विनंती करणारे तरुण अभियंते सत्येंद्र दुबे २००३ साली गयेत मारले गेले. त्यांचे पत्र नावासकट टेबलोटेबली फिरले होते. त्या रक्तातून देशाने जागल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ साली संमत केला. तो आजतागायत अंमलात आणलेला नाही! संसदेने मंजूर केलेला, राष्ट्रपतींची सही झालेला कायदा कपाटात आणि खालच्या कर्मचाऱ्याला उपदेश की गैरप्रकार दिसला तर निर्भयपणे तक्रार करा. निर्भय व्हायचे कोणाच्या भरवशावर?

जीव जात नाही तिथे बदली होते. २००५च्या कायद्याने साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ ठरवला आहे. नागपूर महापालिकेत तुकाराम मुंढे जानेवारी २०२०मध्ये आयुक्त म्हणून आले आणि ऑगस्टमध्येच त्यांची उचलबांगडी झाली. त्यांची कार्यपद्धती कोणाला पटो वा न पटो, सात महिने म्हणजे तीन वर्षे हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात? सनदी अधिकाऱ्याची ही गत, तर रेतीचा टिप्पर अडवणाऱ्या कोतवालाची काय असेल! वैनगंगेच्या पात्रात रात्री जाणाऱ्या महसूल कर्मचाऱ्याच्या अंगावर वाहन येऊ शकते, आणि सकाळी त्याच वाहनाच्या मालकाला त्याचाच साहेब चहा पाजत असतो. हे दृश्य ज्याने एकदा पाहिले तो पुढल्या वेळी पात्राकडे फिरकत नाही. त्याला भित्रा म्हणण्याआधी त्याच्या पाठीशी कोण उभे राहिले होते ते सांगा.

आणि शिक्षा? ती तर लांबणीवर टाकण्याची कला आपण पूर्णत्वाला नेली आहे. सापळ्यात सापडून ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिलेला कर्मचारी आपोआप निलंबित मानला जातो. त्याला निर्वाह भत्ता मिळू लागतो. खटला चालवायला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. २०१८च्या दुरुस्तीने ती तीन महिन्यांत, फार तर आणखी एका महिन्यात द्यावी असे म्हटले, पण विलंब करणाऱ्याला जाब कोण विचारतो? मग निलंबनाचा आढावा होतो, माणूस पुन्हा कामावर येतो, कधी त्याच तालुक्यात, आणि सहकारी चहा पाजून स्वागत करतात. तक्रारदार मात्र दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवतो, आणि त्याची पुढची सगळी कामे त्या कचेरीत ‘तपासावर’ राहतात. गावाने यातून कोणता धडा घ्यावा? १०६४ हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा निःशुल्क क्रमांक प्रत्येक दारावर लावलेला असतो. तो फिरवल्यावर आपल्यावर सूड उगवला जाणार नाही, याची हमी मात्र कोणत्याच दारावर लावलेली नाही.

खासगी मालकांनी यावर खुशीत हसू नये. जिल्ह्यातल्या राइस मिल, विडीचे कारखाने, पतसंस्था, खासगी दवाखाने, तिरोड्याच्या ३,३०० मेगावॉटच्या औष्णिक प्रकल्पाभोवती उभी राहिलेली कंत्राटदारांची साखळी, या सर्वांना आम्ही एकच विचारतो. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती २०१३च्या कायद्याने सक्तीची आहे. न नेमणाऱ्या मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. तुमच्या मिलमध्ये धान वाळवणाऱ्या, पोती शिवणाऱ्या बायांना त्या समितीतल्या एकीचे तरी नाव सांगता येईल काय? छोट्या आस्थापनांतल्या आणि घरकाम करणाऱ्या बायांसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते, हे त्यांना कोणी सांगितले? मुकादमच छळणारा असेल आणि मुकादमाकडेच तक्रार करायची असेल, तर संहितेचा कागद चुलीत घातलेला बरा. वृत्तपत्रांनीही आरसा पाहावा. पत्रकार परिषदेत पाकीट वाटले जाते तेव्हा जे हात पुढे होतात, त्यांच्या लेखणीतून नीतीचे धडे लोकांनी का ऐकावेत?

या सगळ्यावर ठरलेल्या सबबी असतात. पगार पुरत नाही, ही पहिली. सातव्या वेतन आयोगानंतर ही सबब सांगणाऱ्याने तेंदूपत्त्याचे पुडे मोजून पोट भरणाऱ्या बाईसमोर ती एकदा मोठ्याने सांगून दाखवावी. लोकच देतात, ही दुसरी. लोक देतात कारण अडवले जातात, आणि कायदाही हा फरक ओळखतो: जुलमाने लाच द्यावी लागलेल्या माणसाने सात दिवसांत कळवले तर तो गुन्हेगार ठरत नाही. पुढारीच खातात, ही तिसरी, आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे. पण पुढाऱ्याचा तोंडी हुकूम लेखी मागण्याचा अधिकार तिसऱ्या नियमाने दिला आहे. तो मागायचा नाही, कारण हुकुमाबरोबर आपलाही वाटा येतो, हे या सबबीचे न सांगितलेले अर्धे अंग आहे.

हे सुधारत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हाँगकाँगचा इतिहास चाळावा. १९७०च्या सुमारास तिथे अग्निशामक दलाचा बंब पाणी मारण्याआधी पैसे मागे आणि दवाखान्यातली सेविका पाण्याच्या पेल्याचे. १९७३ साली पीटर गॉडबर हा पोलीस खात्यातला बडा अधिकारी चौकशी चालू असताना इंग्लंडला पळाला, लोक रस्त्यावर उतरले आणि १९७४मध्ये स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी आयोग उभा राहिला. त्याने पहिले काम केले ते गॉडबरला परत आणून तुरुंगात घालण्याचे. त्यासोबत प्रत्येक खात्यात लाचेची वाट कुठून जाते ती शोधून कामाची पद्धतच बदलली, आणि लोकशिक्षणाची तिसरी आघाडी उघडली. मोठा मासा गळाला लागला म्हणून लोकांनी छोट्या माशांच्या तक्रारी द्यायला सुरुवात केली. क्रम उलटा असता तर आयोगाच्या दारात कोणी फिरकले नसते.

म्हणून आमच्या मागण्या वरपासून सुरू होतात. पहिली: लाचेचा सापळा यशस्वी झाला की लगतच्या वरिष्ठाला तिसऱ्या नियमाखाली आठ दिवसांत खुलासा मागावा, आणि त्याची नोंद गोपनीय अहवालात व्हावी. दुसरी: प्रत्येक कचेरीने आपल्या कामातल्या मोहाच्या जागा नावानिशी लिहून काढाव्यात. खरेदी केंद्रावर त्या जागा दोन, काटा आणि ओलाव्याचे यंत्र. दोन्हींचे आकडे शेतकऱ्याच्या तोंडासमोर मोठ्या अक्षरांत दिसावेत, पावतीवर छापून यावेत, आणि शेतकऱ्याने मागितल्यास फेरमोजणी तिथल्या तिथे व्हावी. तिसरी: वरिष्ठाचा किंवा पुढाऱ्याचा तोंडी हुकूम आला की कर्मचाऱ्याने तो नोंदवहीत लिहावा, आणि असे लिहिणाऱ्याची मुदतीआधी बदली करायची तर जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी कारण जाहीर करावे. चौथी: पाळता न येणारा प्रत्येक नियम एकतर पाळता येण्याजोगा करावा किंवा रद्द करावा. पाचवी: शपथविधी बंद करावेत, आणि त्या दिवशी प्रत्येक विभागप्रमुखाने कर्मचाऱ्यांसमोर आणि नागरिकांसमोर उभे राहून आपल्या कचेरीत वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती सेवा मुदतीबाहेर गेल्या ते वाचून दाखवावे. कर्मचारी संघटनांनाही सांगणे आहे. महागाई भत्त्यासाठी तुम्ही संप करता, ते तुमचे हक्काचे काम. पण जुलमाने बदललेल्या एका प्रामाणिक सहकाऱ्यासाठी तुम्ही एक तास तरी काम थांबवले आहे काय? सापळ्यातल्या माणसाला सोडवायला धावणारी संघटना सोनवण्यांच्या वारसांना तोंड कसे दाखवते?

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा काढून गोंदिया जिल्हा करण्यात आला, तो कारभार लोकांच्या दाराशी यावा म्हणून. कचेऱ्या दाराशी आल्या, आठ तालुक्यांना आठ तहसीलदार मिळाले. कारभार दाराशी आला की वसुली दाराशी आली, हे ठरवायला आम्हाला भाषण नको, सप्ताह नको, समिती नको. एक आकडा हवा. गेल्या दहा वर्षांत या जिल्ह्यात लाचेचे जितके सापळे यशस्वी झाले, त्यांपैकी किती प्रकरणांत पकडल्या गेलेल्या माणसाच्या साहेबाला तिसऱ्या नियमाप्रमाणे जाब विचारला गेला? जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि पोलीस अधीक्षक या तिघांनी मिळून तो आकडा जाहीर करावा. शून्य असेल तर शून्यच जाहीर करावा. त्या शून्याखाली तिघांनी सह्या कराव्यात, आणि मगच शिपायाला आणि कारकुनाला सचोटीवर व्याख्यान द्यायला उभे राहावे!